वाटीत फोडलेलं अंडं

मांडवीला जाणाऱ्या वाटेवर भंडाऱ्यांची दहा-बारा घरं होती. त्यांतल्या कुणाच्या चुलीचा धूर सकाळी आधी निघाला, यावर मथुरेचं बारीक लक्ष असे. दुसरीचा आधी निघाला तर मथुरेचा तो दिवस कडू जाई. शेजारच्या सावित्रीच्या परसातलं अळू रुंद पानांचं झालं, केरूच्या बायकोला माहेरहून नवं लुगडं आलं, की मथुरेच्या पोटात बारीक कळ उठे. बाई वाईट नव्हती. वाडीत कुणी तापाने पडलं, कुणाची पोर बाळंत झाली, की गरम पेजेचं भांडं पदराखाली धरून पहिली तीच जाई. तिथेही पहिलं जाणं तिला आवडे, एवढंच.

तिचा नवरा धोंडू माड बघे, भाताची दोन खाचरं करी आणि बोलण्याचं काम बायकोवर सोपवून मोकळा होई. मुलगी हौसा अजून परकरात होती. आणि घरात होता सासरा, रावजी.

रावजीने उभा जन्म कचेरीत पट्टेवाल्याची नोकरी केली होती. छातीवर आडवा लाल पट्टा घालून तो साहेबांच्या फिरतीबरोबर गुहागरपासून लांज्यापर्यंत पायी हिंडला होता. आता त्याला पेन्शन होती, तोंडात दात नव्हते आणि अंगात किळस फार होती. एकदा सुकटीत केस सापडला, तर त्या दिवसापासून त्याने सुकट जन्माची सोडली. माशी पडलेलं ताक टाकून दिलं, ते ठीक. पण ते ताक ज्या गाडग्यात होतं ते गाडगंही त्याने परसात नेऊन फोडलं.

अशा माणसाची सकाळ सांभाळणं हे मथुरेचं काम होतं. सासू यमुनाबाई गेली तेव्हा तिने मथुरेचा हात हातात घेतला होता. घराच्या किल्ल्या, गळ्यातली पुतळ्यांची माळ, गोठ्यातली गाय, कशाचंही नाव तिने काढलं नाही. यांची सकाळ आता तुझ्याकडे, एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं. मथुरेने ते शब्द गाठीला बांधले. म्हाताऱ्याच्या पुढे सकाळचं ताट जिच्या हातून जातं, ती या घराची मालकीण, असा तिने त्याचा अर्थ लावला होता आणि तो काही चुकीचा नव्हता.

ती अंधारात उठे. उकड्या तांदळाची पेज मंद जाळावर ठेवी. पेज म्हणजे धीराचं काम. जाळ वाढला की ती उतू जाते, कमी झाला की भात आणि पाणी वेगवेगळे राहतात. शितं फुटून पाणी दुधासारखं दाट झालं की ती मिठाचा खडा टाकी, वर खोबऱ्याचा रस घाली, बाजूला खारातली कैरी हिरड्यांनी चावेल इतकी बारीक चिरून ठेवी. रावजी भुरके मारून पीत असे. कधी चांगली झाली म्हणाला नाही, पण कधी उरवलीही नाही. मथुरेला तेवढं पुरत होतं.

त्या साली मुंबईला गिरण्यांचा मोठा संप झाला. धाकटा दीर हरिश्चंद्र गिरणीत होता. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधीच्या एका फेरीला त्याने बायकोला गावी धाडलं. आपण मुंबईतच राहिला. संप मिटला की पहिल्या दिवशी हजर असायला हवं म्हणाला. दमयंती मचव्यातून मांडवीच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि लाकडी दांड्याचा एक छोटा तवा होता. तवा तिने ट्रंकेत घातला नव्हता, हातात धरला होता. मथुरेने पाहिलं ते आधी तेच. तवा माहेरचा की मुंबईचा, असं तिने विचारलं. मुंबईचा, दमयंती म्हणाली. माझगावच्या चाळीत शेजारी एक गोवेकरीण होती, तिने दिला.

दमयंती कामाला कमी नव्हती, हीच मथुरेची पहिली अडचण. आळशी जाऊ परवडते, तिला नावं ठेवता येतात. ही पाणी भरी, भांडी घाशी, लावणीला चिखलात उतरे, वैनी वैनी करून मागे मागे असे. कोंबड्यांची अंडी गोळा करायचं काम हौसाकडून तिने आपल्याकडे घेतलं, आणि पावसात चिखलाने बरबटलेली ती अंडी धुऊन पुसून टोपलीत अशी मांडी की जणू गणपतीपुढची फळं. अंडी धुतलेली मथुरेने जन्मात पाहिली नव्हती. पण त्यात दोष काय काढणार?

आषाढ लागला. एका सकाळी मथुरा आणि धोंडू लावणीला गेले होते. पेज करून ठेवली होती, पण वरच्या खाचराचा बांध फुटला म्हणून मथुरेला उजाडायच्या आधी निघावं लागलं, आणि पेज चुलीवरून उतरवलेली तशीच गार होऊन गेली. ती गुडघ्यापर्यंतच्या चिखलाने परत आली तेव्हा रावजी ओटीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. समोर पितळी ताटली होती. ताटली इतकी स्वच्छ पुसलेली होती की मथुरेला वाटलं, अजून काही वाढलेलंच नाही.

मग तिला वास आला. कांद्याचा, हिरव्या मिरचीचा, खोबरेल तेलाचा.

पेज गार झालेली म्हाताऱ्याला चालत नाही म्हणून दमयंतीने अंड्याचा पोळा केला होता. त्यात नवल काही नव्हतं. दोन अंडी फोडायची, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, हळदीची चिमूट, मीठ. चमच्याने फेस येईपर्यंत घोटायचं, तापल्या तव्यावर ओतायचं, कडा सुटल्या की उलटायचं, झालं. विडा लावून तोंडात घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पोळा ताटलीत. वाडीत अंडी सगळेच खात, पण वाटण लावून, रस्सा करून, पाहुणा आला तर. सकाळी उठून घाईघाईत अंडं तव्यावर ओतणं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

रावजीने डोळे उघडले. हा पोळा नाय, तो म्हणाला. हे आमलेट.

आणि मग त्याने जे सांगितलं, ते मथुरेने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. फिरतीवर हातखंब्याच्या बंगल्यात मुक्काम पडला की साहेबाचा बबर्जी सकाळी आमलेट करी. मुदपाकखान्यापासून व्हरांड्यापर्यंत ती झाकलेली बशी रावजी नेई. झाकणाच्या फटीतून वास नाकात शिरे. उभा जन्म तो वास त्याने नेला आणि टेबलावर ठेवला. साहेबाने टाकलेलं असेल तर बबर्जी ते आपल्या कुत्र्याला घाली, पट्टेवाल्याला देत नसे.

"आज झाकण उघडलं गो," रावजी म्हणाला. हे तो दमयंतीकडे बघून म्हणाला.

मथुरा मागच्या दारी गेली आणि पाय धूत राहिली. चिखल केव्हाच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पेज नेहमीपेक्षा दाट केली, खोबऱ्याचा रस दुप्पट घातला. रावजीने वाडगं पुढे ओढलं, दोन भुरके घेतले आणि धाकटी उठली का, म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलंही नाही. दमयंतीने लोखंडी शेगडी ओटीच्या उंबऱ्याशी आणून ठेवली, म्हाताऱ्याला बसल्या जागी दिसावं म्हणून. तो बघत बसे. अंडं वाडग्याच्या काठावर टक् करून एका हाताने फोडायची तिची लकब होती; ती लकब झाली की रावजी मान हलवी, भजनात ठेका पकडावा तशी. पेज हौसाला आणि धोंडूला जाऊ लागली. हौसाने चार दिवस प्यायली आणि मग तीही काकीच्या शेगडीशी जाऊन उकिडवी बसली.

मथुरेच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि सांगायचं कुणाला? सासऱ्याला जाऊ खायला घालते, ही का तक्रार? तिने अंडी विकायला काढायचा घाट घातला. रावजीने पेन्शनीच्या जोरावर ती घरातच ठेवायला लावली. सोमवार, गुरुवार, एकादशी ती नेमाने मोजू लागली, कारण त्या दिवशी अंडं शिवायचं नसे आणि पेजेला दिवस येई. पण त्या दिवशी रावजी पेज अशी पिई की जणू उपास करतोय.

सगळ्यांत जास्त तिला जळवत होता तो वेळ. ती अंधारात उठत होती, जाळ सांभाळत होती, डोळ्यांत धूर घेत होती. आणि ही बया सूर्य माडावर आल्यावर उठायची, केस बांधायची आणि पापणी लवायच्या आत म्हाताऱ्याला जिंकायची. कष्ट केल्याचं फळ मिळत नाही हे मथुरा सोसू शकली असती. कष्ट न करता मिळतं, हे सोसवेना.

एके दुपारी दमयंती विहिरीवर गेली होती, रावजी पडला होता. मथुरेने मागच्या पडवीत तो दांड्याचा तवा घेतला आणि स्वतः पोळा केला. नुसत्या बघण्याने ती सगळं शिकली होती. कांदा तिने जावेपेक्षा बारीक चिरला. आच धरायचं तर तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोळा उलटला तेव्हा सगळीकडे एकसारखा सोनेरी होता, एक डाग नाही. धोंडू शेतावरून आला, त्याच्यापुढे तिने तो ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. धोंडूने सावकाश खाल्ला. बोट चाटलं.

"बरा झालाय," तो म्हणाला. "अगदी दमयंतीसारखा."

ताटली उचलून मथुरेने राखेत घासली, आणि राख तिच्या नखांत रात्रीपर्यंत राहिली.

त्याच सुमाराला तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. पावसात कोंबडी बसवू नये म्हणतात, पिल्लं तगत नाहीत. पण ही हट्टाला पेटली, कुणी जवळ गेलं की पिसं फुलवून टोचायला येई. मथुरेने मागच्या पडवीतल्या कोपऱ्यात डालग्याखाली गवत घालून तिला अंड्यांवर बसवली. बसवताना प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ मारली. वाडीतल्या सगळ्या बायकांची ती रीत. दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडी घालतात. रेघ असलेलं अंडं बसवणीचं, बिनरेघेचं ताजं. ताजं उचलायचं, रेघेला हात लावायचा नाही. बसवणीचं अंडं काढणं म्हणजे पाळण्यातलं मूल काढणं, असं मथुरेची आई म्हणायची.

कोंबडी बसल्याला आठवडा झाला असेल. आषाढ संपत आला होता. रावजीने जाहीर केलं की श्रावण लागायच्या आत गुलाम रसूलला आमलेट खायला बोलवायचं. गुलाम रसूल म्हणजे राजिवड्याचा म्हातारा तांडेल. तरणेपणी तो मचवा चालवायचा आणि रावजीच्या साहेबाची डाक न्यायचा. आता गुडघे गेले होते, पण दोघांची बसउठ राहिली होती. उद्या सकाळी येतोय, धाकटीच्या हातचं बघायला, असं रावजी संध्याकाळी सांगत होता. धाकटीच्या हातचं. शेजारची सावित्री कुंपणापलीकडून ऐकत होती आणि मथुरेकडे बघून तिने तोंडाला पदर लावला.

दिवेलागणीला कोंबडी दाणे खायला डालग्याखालून बाहेर आली. मथुरा खाली वाकली. एक अंडं उचललं. ते कढत होतं, आजारी माणसाच्या कपाळासारखं. पदराचं टोक पागोळीत भिजवून तिने त्यावरची रेघ पुसली, पुन्हा पुसली, अंडं गार पाण्यात धरलं आणि टोपलीत, दमयंतीने धुऊन मांडलेल्या अंड्यांत नेऊन ठेवलं. टोपली हलवली. तिचा हिशेब सोपा होता. उद्या पाहुण्यासमोर ती एका हाताने टक् करून फोडेल आणि वाडग्यात जे पडेल ते म्हातारा बघेल. सुकट सोडायला त्याला एक केस पुरला होता. त्या हातचं तो पुन्हा पाणीसुद्धा पिणार नाही.

सकाळी मथुरा पेजेला जाळ घालत होती. मागच्या पडवीतून दमयंतीचा आवाज आला, वैनी, मला कावळा शिवला.

मथुरा जाळ तसाच टाकून मागे गेली. दमयंती मागच्या पडवीत गोणपाट अंथरून, कोंबडीच्या डालग्याशेजारी बसली होती. आता तिला चुलीला, शेगडीला, अन्नाला हात लावायचा नव्हता. ती ओशाळून म्हणाली की आजच नेमकं असं झालं, मामंजी हिरमुसतील; तुम्हीच करा ना, अंडी मी कालच धुऊन ठेवलीत.

पुढच्या दारातून मागचं दार दिसावं असं ते घर. ओटीवर रावजी आणि गुलाम रसूल येऊन बसलेच होते. मथुरेने सासऱ्याला सांगून पाहिलं की धाकटी बाहेरची आहे, पाहुण्यांना आज पेज द्यावी, गरम आहे. रावजीचा चेहरा पडला. मग त्याने शेगडीकडे बोट केलं. तू कर, म्हणाला. धोंडू सांगत होता, तुलाही येतं.

जे ऐकायला ती महिनाभर तळमळत होती, ते आज तिला मिळालं.

ती शेगडीपुढे बसली. निखारे फुलवले, कांदा चिरला, मिरची चिरली, होईल तितकं सावकाश. टोपली शेजारी. सगळी अंडी धुतलेली, सारखी गुळगुळीत, सारखी गार. त्यांतलं एक तिला माहीत होतं आणि कुठलं ते माहीत नव्हतं. बाहेर आभाळ इतकं दाटलं होतं की अंडं उजेडाला धरून बघायचीही सोय नव्हती, आणि दोन म्हातारे तिच्या हातांकडे बघत होते. तिने एक छोटी वाटी पुढे ओढली. एकेक वाटीत फोडावं, तोंड फिरवून बघावं, मग वाडग्यात ओतावं, असा विचार होता.

रावजी लगेच म्हणाला, "वाटी कशाला? धाकटी सरळ वाडग्यात फोडते. तशी कर. रसूलभाईंना तेच बघायचंय."

मथुरेने वाटी बाजूला सारली. पहिलं अंडं उचललं, काठावर टेकवलं. पिवळाधम्मक बलक वाडग्यात पडला. दुसरंही चांगलं. तिसरंही. गुलाम रसूल म्हणाला की हाताला सफाई आहे पोरीच्या. एरवी या एका वाक्यावर तिने आठवडा काढला असता.

तीन पुष्कळ झाली, ती म्हणाली.

दोघांना चार, रावजी म्हणाला.

तिने टोपलीत हात घातला. एक अंडं हाताला लागलं. ते तिला जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. ते तिने परत ठेवलं आणि शेजारचं उचललं. तेव्हाच तिचं लक्ष स्वतःच्या पदराकडे गेलं. पदराच्या टोकाला बोटभर काळा डाग होता, पसरट, कोळशाचा. तिने डाग मुठीत धरला, त्याच हाताने अंडं काठावर आपटलं.

तीन पिवळ्या बलकांच्या मधोमध ते पडलं. लाल शिरांचं जाळं आणि त्यात एक काळा ठिपका, डोळ्याचा.

गुलाम रसूलने नजर माडांकडे वळवली. रावजी वाडग्याकडे बघत राहिला, मग त्याने उपरणं तोंडावर दाबलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं की काल अंडी कोणी काढली.

मथुरेला त्या क्षणी खोटं बोलावं लागलं नाही, हेच वाईट झालं.

"धाकटीने," ती म्हणाली.

आणि घरातून आरपार, मागच्या पडवीत, दमयंती गोणपाटावर बसलेली तिला दिसली. तिने ऐकलं होतं. ती डालग्याकडे बघत होती, आणि तिथून मथुरेकडे.

गुलाम रसूल मोठा समजूतदार माणूस. त्याने सांगितलं की चाळीस वर्षं दर्यात काढली, दर्याही कधी सडकं देतो. रावजी, कोरा चहा पाज आणि दोन गोष्टी सांग. मथुरेने चहा केला. वाडगं तिने माडाच्या मुळाशी रितं केलं आणि वर माती लोटली. वाडगं रावजीने फोडलं नसतं तर नवल; पितळी होतं म्हणून फुटलं नाही, पण पुन्हा ते घरात आलं नाही.

दुपारी ती दमयंतीचं जेवण घेऊन मागच्या पडवीत गेली. शिवाशिव नको म्हणून भात वरून तिच्या पानावर टाकला. नजरेला नजर देत नव्हती. दमयंतीने भात कालवला. घास घ्यायच्या आधी, हौसाला सांगावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली,

"वैनी, पदर धुवायला टाका. कोळशाचा डाग हाय."

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. सासऱ्याला नाही, धोंडूला नाही, कुंपणापलीकडच्या सावित्रीलाही नाही. मथुरा रोज वाट बघे. आज सांगेल, उद्या सांगेल. विहिरीवर दोघी-तिघी हसल्या की ही घागर अर्धी भरूनच मागे फिरे. नवऱ्याला काम नाही, आपण थोरल्या दिराच्या घरी राहतोय, भांडण करून जायचं कुठे, म्हणून ती गप्प आहे, हे मथुरेला कळत होतं. पण कळून उपयोग होईना. गप्प बसण्यातही ती आपल्याहून सरस निघाली, हेच तिला खुपत राहिलं.

सकाळ मात्र मथुरेला परत मिळाली. रावजीने अंडं सोडलं. पेजेचं वाडगं त्याच्यापुढे जाई. तो समोरच्या पावसाकडे बघत ते संपवी. आठ दिवसांनी श्रावण लागला आणि अंडं सगळ्यांचंच बंद झालं. हातावर हात ठेवून आठ दिवस बसली असती तरी पेजेला दिवस आलेच असते. श्रावणात तांबडीची पिल्लं डालग्याखाली अंड्यांतून बाहेर पडली. मथुरा त्यांना कण्या टाकी, तेव्हा ती मोजायची नाहीत असं तिने ठरवलं होतं.

संप मिटला तसा हरिश्चंद्राचा निरोप आला. दमयंती आगबोटीने गेली. तवा हातात धरून आली होती, तसाच हातात धरून गेली. मचवा सुटेपर्यंत मथुरा धक्क्यावर उभी होती. तवा ठेवून जाईल, असं तिला उगाच वाटलं होतं.

शिमगा झाल्यावर एका सकाळी रावजीने पेजेचं वाडगं हाताने बाजूला केलं. खाली बघत लहान मुलासारखं विचारलं, "करशील का गो?"

मथुरेने घावनाचा बिडाचा तवा शेगडीवर ठेवला. अंडं वाटीत फोडलं. वाटी दाराच्या उजेडाला तिरकी करून बघितली, मग वाडग्यात ओतलं. दुसरं वाटीत फोडलं, बघितलं, ओतलं. फोडताना रावजीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. आता वाटी कशाला, असं तो म्हणाला नाही. पोळा झाला, तो हिरड्यांनी सावकाश खाऊ लागला. शेवटचा तुकडा ताटलीवर फिरवून सगळं तेल पुसून घेतलं आणि तो म्हणाला, "हरीची बायको बरी असेल ना गो तिकडे?"

त्यानंतर चार-पाच वर्षं रावजी जगला. जवळजवळ रोज मथुरेच्या हातचा पोळा त्याने खाल्ला आणि दर वेळी अंडं फोडताना तोंड वळवलं. तो गेला त्या दिवशीही शेगडी पेटलेली होती.

हौसाचं लग्न लांज्याला झालं. पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली तेव्हा तिथल्या घरच्या गोष्टी सांगताना थांबेना. सासूबाई माझ्यावर खूश आहेत म्हणाली. अंडं वाटीत फोडून, उजेडाला धरून, मग वाडग्यात घ्यायचं, ही शिस्त आमच्याकडे कुणालाच नव्हती. तुझ्या आईने वळण बरं लावलंय म्हणतात. आता सगळ्या जावा तसंच करतात. वाडीतल्या पोरींनाही मथुराकाकूंची ती रीत ठाऊक होती. सावित्रीची सून तर तिच्याकडे बघूनच शिकली होती. केवढी टापटीप बाई, असं लोक म्हणत.

मथुरेने शेगडी फुलवली. लेक सकाळी उठून आली होती, तिला भूक लागली होती.

"काय करू तुला?" तिने विचारलं. "घावन घालू?"

"नको," हौसा उकिडवी बसत म्हणाली. "काकीचा पोळा कर."

मथुरेचा हात टोपलीत होता. या घरात त्या पोळ्याला दुसरं नाव कधी पडलंच नव्हतं. दमयंतीने तो पुरता महिनाभरही केला नसेल, मथुरेने त्यावर वर्षं काढली होती. नाव बदलायला तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही कोणत्या तोंडाने? पोटात ती जुनी बारीक कळ उठली, जराही न झिजलेली.

तिने अंडं वाटीत फोडलं, वाटी उजेडाकडे तिरकी केली आणि नीट बघितलं. मगच ओतलं.